फक्त ओठ हलवा

कडकबाईंनी इस्त्री केलेला शर्ट अंगात घातला की माणूस आपोआप ताठ उभा राहतो, असं त्या रस्त्यावर सगळे म्हणत. कांजी कडक, इस्त्री कडक आणि बाई त्याहून कडक. नाव पडलं ते तिन्ही मिळून. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एक महिना घरी. बाकीचे अकरा महिने घरात बाई, त्यांच्या सासूबाई आणि पुढच्या खोलीतली लाँड्री. लाँड्रीत एक लांब टेबल, दोन इस्त्र्या, भिंतीभर कप्पे आणि कोपऱ्यात हॉस्पिटलच्या चादरी धुणारं एक म्हातारं मशीन. ते सुरू झालं की टेबलावरची बटणांची वाटी थरथरत कडेपर्यंत यायची. बाईंनी त्याच्या पायांना विटा लावल्या होत्या, तरी ते दिवसाकाठी वीतभर चालून जायचंच.

बाईंच्या श्रद्धेबद्दल कुणाला शंका नव्हती. रविवारी चर्चचं दार उघडायच्या आधी त्या पायरीवर हजर. कुणी आजारी पडलं तर भेटायला पहिल्या, आणि परतताना त्याच्या चादरी धुवायला घेऊन येणार. पण एक भानगड होती. प्रभूची प्रार्थना म्हणताना, अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ जवळ आली की बाईंना खोकला यायचा. दर रविवारी, नेमका त्याच ओळीला. ओळ सरली की खोकलाही सरायचा. मंडळी भाबडी. बिचारीला वाफ बाधते, असं म्हणून लोक औषधाच्या बाटल्या आणून देत. कपाटात अशा सात बाटल्या जमल्या होत्या, एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं.

सासूबाईंच्या डोळ्यांत मात्र कुणी धूळ फेकू शकत नसे. "अगं, अकरा वर्षं तुला एकाच जागी ठसका लागतो," त्या म्हणत. "हा घशाचा रोग नाही. मी डोळे मिटायच्या आधी ती ओळ एकदा तुझ्या तोंडून ऐकव, म्हणजे झालं." बाई इस्त्री जोरात आपटायच्या.

खोकल्याचं मूळ होते गायनमंडळाचे मास्तर. अकरा वर्षांपूर्वी बाई नव्या उत्साहानं गायनमंडळात दाखल झाल्या होत्या. लहानपणी वडिलांबरोबर कपडे वाळत घालताना त्या गायच्या, मोठेपणीही इस्त्री करताना गायच्या. देवाशी बोलायची त्यांना तीच एक रीत ठाऊक होती. आता आवाज मोठा होता आणि सुराशी त्याची फारशी ओळख नव्हती, हे खरं. पण त्यांना ते कोण सांगणार? मास्तरांनी सांगितलं. मोठ्या सणाच्या आदल्या दिवशीच्या तालमीला पेटी थांबवून, भरल्या चर्चमध्ये ते म्हणाले, "बाई, तुमचा भाव फार चांगला आहे. तुम्ही असं करा, फक्त ओठ हलवा." सगळे हसले. मास्तरही हसले.

बाई त्या दिवशी घरी आल्या आणि गायच्या थांबल्या. चर्चमध्ये त्या तिसऱ्या रांगेत उभ्या राहून फक्त ओठ हलवू लागल्या, आणि त्यात इतक्या तयार झाल्या की शेजारणीलाही वाटावं, बाई हळू आवाजात गातायत. घरात इस्त्री करतानाही त्यांच्या तोंडून सूर निघेनासा झाला. याचं दुःख त्यांना फार होतं, आणि ते दुःख कुणाला सांगण्याजोगंही नव्हतं. ओठ हलवायला सांगितलं म्हणून कुणी अकरा वर्षं रडतं का?

मग त्यांनी उट्टं काढायचा आपला मार्ग शोधला. मास्तरांचे शर्ट त्यांच्याच लाँड्रीत यायचे. त्या रस्त्याला दुसरी लाँड्रीच नव्हती. बाई त्या शर्टांच्या कॉलरला दुप्पट कांजी करायच्या. कॉलर नुसती पुठ्ठा व्हायची. मास्तर रविवारी पेटीवर बसत तेव्हा त्यांना मान वळवता येत नसे. बाई तिसऱ्या रांगेतून ते बघत आणि ओठ हलवत. पण यातही त्यांचं नशीब फुटकं. गावभर बोलबाला झाला, की मास्तरांची बसण्याची ऐट काय आहे, मान कशी राजासारखी. हे ऐकून बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

अशात गावाचे दिवस फिरले. दोन गटांची आधी बोलाचाली झाली, मग हाणामारी, मग दुकानांच्या काचा फुटल्या. कोपऱ्याकोपऱ्यावर शिपाई उभे राहिले. जमावाला बंदी, सभेला बंदी, घोषणा आणि गाणी यांना बंदी. चर्चला कुलूप लागलं. रोज सकाळी आठ ते दहा तेवढी गरजेची दुकानं उघडायची. हॉस्पिटलच्या चादरींमुळे कडकबाईंची लाँड्री गरजेची ठरली.

पहिल्या रविवारी पाळक हातात गाठोडं घेऊन आले. मागोमाग शिंपीण आली, तिच्या हातातही गाठोडं. मग पोस्टमन, मग नर्स. सव्वाआठपर्यंत बारा माणसं आणि बारा गाठोडी झाली.

"बाई, दुकानापुढच्या रांगेला बंदी नाही," पाळक खाली मान घालून म्हणाले. "रांगेत उभ्या उभ्या थोडी प्रार्थना झाली तर चालेल का?"

"चालेल की," बाई म्हणाल्या. "पण आणलेले कपडे धुवायचे मात्र. माझ्या दुकानात खोटं गाठोडं चालायचं नाही."

अशी उपासना सुरू झाली. प्रार्थना कुजबुजत व्हायची. गाण्याचं मात्र अवघड होतं, कारण शिपाई पंधरा पावलांवर उभा. तेव्हा पाळकांनी सुचवलं, गीत मनात म्हणू, नुसते ओठ हलवू. बाई चपापल्या. पण बाकीच्यांना ते जमेना. पोस्टमनचा आवाज फुटायचा, नर्सला मध्येच हसू यायचं. शेवटी बाईच पुढे झाल्या. श्वास कुठे घ्यायचा, तोंड किती उघडायचं, सगळ्यांनी एका ओळीवर कसं राहायचं, हे त्यांनी बोटानं ठेका धरून दाखवलं. साऱ्या गावात या विद्येत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीन रविवारांत ती बारा माणसं आवाजाशिवाय एकदिलानं गाऊ लागली. बाईंना मोठी गंमत वाटली, खरं सांगायचं तर थोडा गर्वही झाला.

पण एवढ्याशा खोलीत खोकला लपेना. प्रार्थना कुजबुजत चाललेली, आणि मध्येच बाईंचा ठसका. दुसऱ्या रविवारी शिंपिणीनं वळून पाहिलं, तिसऱ्या रविवारी पाळकांनी. बाईंना पहिल्यांदा खरी लाज वाटली. बाहेर सारं गाव कुठल्या ना कुठल्या जुन्या रागापायी काचा फोडत होतं, आणि आपणही कॉलरवर तेच करतोय, हे त्यांना आता दिसू लागलं होतं. नुसतं दिसून काय उपयोग? तोंडातून ओळ निघत नव्हती.

चौथ्या रविवारी मास्तर आले. एरवी त्यांचे शर्ट त्यांची बहीण आणून द्यायची, पण ती परगावी अडकली होती. बंद चर्चच्या महिन्याभरात मास्तर निम्मे झाले होते. गाण्याशिवाय त्या माणसाला दुसरं काही येतच नव्हतं. गाठोडं छातीशी धरून ते दारात उभे राहिले.

"मी आत आलो तर चालेल का?"

सगळे बाईंकडे बघू लागले. "दुकान उघडं आहे," बाई म्हणाल्या.

गीत सुरू झालं. बाईंनी ठेका धरला, तेरा तोंडं हलू लागली. दुसऱ्या कडव्याला कुठून तरी सूर येऊ लागला. मास्तर डोळे मिटून गुणगुणत होते. पाळकांनी कोपरानं ढोसलं, मास्तर ओशाळून गप्प झाले. पुढच्या ओळीला पुन्हा सूर सुटला, या वेळी मोठा. रस्त्यावर शिपायाच्या बुटांचा आवाज थांबला.

"मला जमत नाही हो," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मुक्यानं नाही जमत मला."

बाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. फक्त ओठ हलवा, मास्तर. सगळी मंडळी समोर होती, अकरा वर्षांपूर्वी होती तशीच. आणि या वेळी ते वाक्य शंभर टक्के बरोबरही होतं. एवढी चांगली संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. बाईंनी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. गाणं तोंडात अडकलं की माणूस कसा दिसतो, हे त्यांना रोजच्या आरशातून पाठ होतं. त्यांना मास्तरांची फार दया आली, आणि दयेबरोबर थोडी स्वतःचीही आली.

त्या वळल्या, हॉस्पिटलच्या चादरी मशीनमध्ये कोंबल्या आणि बटण दाबलं.

मशीन गडगडलं. कप्पे हलले, वाटी सरकली. देवाचं नाव घेताना ते चालू ठेवणं बाईंना आजवर पाप वाटायचं.

"आता गा, मास्तर," त्या ओरडून म्हणाल्या. "हवं तेवढं मोठ्यानं गा."

मास्तर गायले. महिनाभराचं साचलेलं सगळं बाहेर आलं. मग बाराही जण गायले, आणि तिसऱ्या कडव्याला कडकबाईंच्या गळ्यातून एक मोठा, खरबरीत, अर्धा सूर उतरलेला आवाज निघाला. त्यांना स्वतःलाच तो ओळखू येईना. गीतामागून त्याच गडगडाटात प्रार्थना झाली. ती ओळ आली. सासूबाई आतल्या दारातून सुनेच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. बाई ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाल्या. घसा अगदी साफ होता.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

दुसरं गीत ऐन रंगात आलं होतं, तेवढ्यात शिपाई दारात उभा राहिला. सगळे जागच्या जागी थिजले. मशीन तेवढं गडगडत राहिलं.

"केवढा हा आवाज?"

"मशीन जुनं आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

शिपायानं तेरा गाठोड्यांकडे पाहिलं. पाळकांकडे पाहिलं. मग मशीनभोवती एक चक्कर मारली. "छान चालतंय की," तो गंभीरपणे म्हणाला. "सगळं कसं सुरात आहे. फक्त एक पट्टा कुरकुरतोय. तेवढा बदलून टाका."

बाईंचे कान तापले. कुणाला हसूही येईना. तेव्हा मास्तर पुढे झाले.

"नको, साहेब," ते म्हणाले. "तो पट्टा माझ्या सांगण्यावरून अकरा वर्षं बंद होता. चूक माझी होती, ती या सगळ्यांच्या देखत झाली होती, म्हणून यांच्या देखतच सांगतो. तो आता काढायचा नाही."

शिपायानं टोपी सारखी केली. "दहापर्यंत आटपा तुमचं धुणं," असं म्हणून तो कोपऱ्यावर परत गेला, आणि पाठ करून उभा राहिला.

लोक गेल्यावर मास्तर टेबलापाशी रेंगाळले. बाईंनी त्यांचं गाठोडं सोडलं. "मलाही एक सांगायचंय. तुमच्या कॉलरला मी अकरा वर्षं..."

"दुप्पट कांजी," मास्तर म्हणाले. "पहिल्याच रविवारी कळलं होतं. म्हटलं, बोललो त्याची शिक्षा आहे, भोगावी. पण शिक्षा भोगली की माफी मागायला नको, असं मीच परस्पर ठरवून टाकलं. तेवढं धैर्य नव्हतं, दुसरं काय."

"मान दुखायची?"

"सोमवारपर्यंत."

बाईंना हसू आवरेना. मास्तरांनाही आवरेना. आतून सासूबाईंनी विचारलं, काय झालं म्हणून, तर दोघांपैकी कुणालाच सांगता येईना.

पुढे चार महिन्यांनी गाव शांत झालं, चर्च उघडलं. त्या रविवारी मास्तर मऊ कॉलर घालून मान डोलवत पेटी वाजवत होते, आणि लोक म्हणत होते, यांची पूर्वीची ऐट गेली बुवा. तिसऱ्या रांगेतून एक आवाज सगळ्यांच्या वर निघत होता. वरच्या सुराला मास्तरांचा खांदा जरासा उडायचा, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. उपासना संपल्यावर सासूबाईंनी एक पिशवी पाळकांच्या हाती दिली. तिच्यात औषधाच्या सात बाटल्या होत्या, मंडळीत कुणाला खरा खोकला झाला तर असाव्यात म्हणून.