पूल, पण नदीवरचा नव्हे

एका टेबलाभोवती चार-पाच माणसं रोज जमायला लागली की खेळ किती सुधारतो ते देव जाणे, किस्से मात्र आपोआप साठतात. परभणीत स्टेशन रोडला टायरच्या दुकानाच्या माडीवर सलीमभाईचा पूल हॉल आहे. तिथं आम्ही काही मंडळी हा खेळ 'पायापासून' शिकायला जातो. हातानं क्यू, म्हणजे खेळायची काठी, मारायची आणि तोंडानं गप्पा, असा आमचा दर्जा! आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसानं काहीही पायापासून शिकायचं ठरवलं की किस्सा होणारच.

पहिला तर शिकायला सुरुवात व्हायच्या आधीच झाला.

माझं सिमेंट-सळईचं दुकान. सासुरवाडी पाथरी. बायकोनं माहेरी फोनवर सहज सांगितलं, "हे आजकाल पूल शिकायलेत." सासरे खूश! त्यांनी एसटी स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, भेटेल त्याला सांगितलं की आमचे जावई आता मोठ्या कामात शिरायलेत.

थोड्याच दिवसांत तिकडच्या एका गावचे सरपंच माझ्या दुकानात हजर.

"दाजी, आमच्या वड्यावरचा पूल तुमीच घ्या. पावसाळ्यात लेकरायची शाळा बुडायलीय."

मी त्यांना बसवलं, चहा पाजला, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी काठीनं गोट्या ढकलायच्या?"

"हो."

"आन् त्याला पूल म्हन्तेत?"

"हो."

सरपंच उठले. टोपी नीट केली. म्हणाले, "आमाला आत्तापस्तोर दोनच पूल म्हाईत व्हते. एक वड्यावरचा, एक कागदावरचा. ह्यो तिसराच निघाला!"

*

सलीमभाई हैदराबादला राहून हा खेळ शिकून आलेला. शिकवणं एकदम कडक. सुरुवातीला बॉल दाखवतसुद्धा नाही. पाय कुठं ठेवायचे, हनुवटी क्यूला कशी टेकवायची, डाव्या हाताचा पंजा कापडावर कसा रोवायचा, हेच चालू. त्यानंतर टेबलाच्या मधोमध एक बॉल, समोर पॉकेट, म्हणजे कोपऱ्यातलं भोक, आणि सरळ मारायचं. रोज तेच. कुणी कंटाळून "काहीतरी अवघड दाखवा की" म्हणालं, की त्याचं उत्तर ठरलेलं.

"हेच अवघड हाय. तुमाला कळंना, म्हनून सोपं वाटायलंय."

आमच्यातले कांबळे सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांचा कोन कधी चुकायचा नाही. अडचण वेगळीच होती. आयुष्य फळ्यावर लिहिण्यात गेलेलं, त्यामुळं पाठीमागं जरा कुजबूज झाली की सर अर्ध्या शॉटमधून ताडकन उभे राहायचे आणि मागं वळून गरजायचे, "कोण बोललं रे?"

सगळा हॉल चिडीचूप. शिवलिंगआप्पा, मोंढ्यातले भुसाराचे मोठे व्यापारी, नातवंडांचे आजोबा, तेसुद्धा खाली मान घालायचे!

सलीमभाईनं यावर इलाज काढला. सर शॉटसाठी वाकले की आम्ही मागं मुद्दाम गोंधळ घालायचा. कुणी खोकायचं, कुणी खुर्ची ओढायची, मी तर टाळ्या वाजवून "फॅन बंद करा" म्हणून ओरडायचो. सर दात-ओठ खात सोसायचे. आणि एक दिवस खरंच चमत्कार झाला. खालच्या टायरच्या दुकानात ट्यूब फुटली, बंदुकीसारखा आवाज झाला, आप्पांचा चहा सांडला. सर हलले नाहीत. बॉल सरळ आत!

आम्ही त्यांना मिठ्याच मारल्या.

पुढच्या आठवड्यात सर तोंड पाडून आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "वर्गात डेरिव्हेशन लिहीत होतो. लिहून झाल्यावर वळलो. वर्गात कुणीच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे निघून गेले. बाकं सरकवून, हसत, ओरडत गेले म्हणे. प्रिन्सिपल दारात उभे होते. मला काही ऐकूच आलं नाही!"

सलीमभाईनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "सर, याला म्हन्तेत एकाग्रता!"

*

शिवलिंगआप्पांची गोष्ट उलटी. मन एकदम स्थिर, पण घाई भयंकर. मोंढ्यात सौदे पटापट उरकायची सवय. टेबलाजवळ आले की मारून मोकळे!

सलीमभाईनं सांगितलं, "आप्पा, शॉटच्या आधी रोज एकसारखं करायचं. क्यूला खडू लावा, रेघ बघा, शांतपनी श्वास घ्या, मंगच वाका."

आप्पांनी मनावर घेतलं. आधी खडू. मग चष्मा पुसणं. मग टेबलाला एक फेरी. मग डोळे मिटून महादेवाचं नाव. मग श्वास. मग आठवलं म्हणून पुन्हा खडू. जिंतूरहून खेळायला आलेला एक पाहुणा बराच वेळ वाट बघून म्हणाला, "आप्पा, परसाद कवा वाटनार?"

पण पुढं ऐका. दालमिलवाल्याचा फोन आला, तुरीला एवढा भाव देतो, सोडता का म्हणून. आप्पांनी सवयीनं डोळे मिटले. श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. पलीकडच्याला वाटलं, आप्पा नाराज झाले. त्यानं आपणहून भाव वाढवला. आप्पांचा श्वास अजून चालूच होता, म्हणून त्यानं आणखी वाढवला!

त्या संध्याकाळी आप्पा पेढे घेऊन आले. "सलीमभाई, खेळात काय सुधारना न्हाई, पन तुमचा श्वास लय बरकतीचा हाय!"

*

एके दिवशी संगीता मॅडम आल्या. कृषी विद्यापीठात किडींवर संशोधन करतात. हॉलमध्ये बाई आली म्हटल्यावर सगळ्यांनी शर्टाची वरची बटणं लावली. शिव्या बंद. कांबळे सर तर प्रमाण भाषेत बोलायला लागले!

प्रत्येकाला मॅडमना शिकवायचं होतं. आप्पा खडू कसा लावायचा ते दाखवायला धावले, सर कोन समजावायला लागले, मी क्यू धरायला गेलो. मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मान डोलावली. जन्म सूक्ष्मदर्शकावर वाकून गेलेला. त्या एकदा वाकल्या की डोकं म्हणून हलायचं नाही. महिना-दोन महिन्यांत त्यांनी आम्हा सगळ्यांना ओळीनं हरवलं.

आमची कारणं तयारच होती. आप्पा म्हणाले, आज एकादशी, पोटात काही नाही. मी म्हणालो, क्यू वाकडा. कांबळे सरांनी शास्त्रीय कारण दिलं, "हवेत दमटपणा आहे. कापड ओलसर झालं की बॉल जड जातो."

मॅडमनी टेबलाकडं बघितलं, सरांकडं बघितलं, आणि अगदी काळजीनं विचारलं, "सर, ओल नेमकी तुमच्याच बाजूला धरलीय का?"

*

आता माझा.

क्यू सरळ जावा म्हणून सलीमभाईनं घरी करायचा एक अभ्यास दिला होता. रिकामी काचेची बाटली टेबलावर आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडातून, काचेला न लावता, क्यू आत-बाहेर करायचा. मी डायनिंग टेबलावर बाटली ठेवली. क्यू नव्हता, म्हणून जाळी काढायच्या झाडूची काठी घेतली.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. नवरा टेबलावर पालथा, एक डोळा मिटलेला, पुढ्यात रिकामी बाटली, मागं-पुढं झोके चाललेले!

तिनं थेट पाथरीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सासरे दारात. चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "जावईबापू, काय लपवू नका. कवापासून सुरू हाय?"

मी त्यांना बाटली हुंगायला दिली. सरबताची होती. मग काठी घेऊन वाकलो आणि अख्खा अभ्यास करून दाखवला. काचेला एकदासुद्धा लागली नाही.

सासरे खुर्चीत बसले. बायकोला म्हणाले, "पेलेल्या मानसाची काठी इतकी सरळ जात न्हाई. ह्ये शुद्धीत हायेत."

बायकोनं सुस्कारा सोडला. सासरे जरा विचार करून पुढं म्हणाले, "शुद्धीत करायलेत म्हंजी तर जास्तच काळजी हाय, बाई!"

*

आता एकच सांगतो.

सलीमभाईचे अब्बा म्हणजे या भागातले नावाजलेले टेलर. शेरवानी त्यांनीच शिवावी, असं लोक अजून म्हणतात. आता दुकान बंद केलंय. मुलानं हॉल टाकला तेव्हापासून ते कधी जिना चढले नव्हते. कुणी विचारलं, लडका काय करतो, तर म्हणायचे, "है ऊपर. खेलरा." तेवढंच. घरात हॉलचा विषय निघाला की ते पानाचा डबा उघडायचे.

एका शुक्रवारी नमाजानंतर ते काठी टेकत वर आले. सलीमभाई ताडकन उभा राहिला. खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

"लोगां कू सिखाता बोलते तू. बता, क्या सिखाता."

सलीमभाईनं मधोमध बॉल ठेवला. पांढरा बॉल मागं ठेवला. समोर पॉकेट. तोच सरळ शॉट, जो तो आम्हाला रोज करून दाखवायचा, आमच्याशी बोलता बोलता, कधी कधी न बघतासुद्धा. तो वाकला. श्वास घेतला. मग उठून क्यूला पुन्हा खडू लावला आणि परत वाकला. कांबळे सरांनी माझा दंड घट्ट धरला. आप्पांचे ओठ हलायला लागले.

त्यानं मारला. बॉल पॉकेटच्या कडेला आपटून परत आला.

 संगीता मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. सलीमभाई वाकलेलाच राहिला.

अब्बांचं बॉलकडं लक्षच नव्हतं. त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. तळहात हिरव्या कापडावर ठेवला आणि सरकवत सरकवत कोपऱ्यापर्यंत नेला. पॉकेटच्या वळणावर थांबले. चष्मा कपाळावर चढवून खाली वाकले, अंगठ्यानं कापडाची ताणून बसवलेली कड चाचपली.

"ये कपडा किन ताना?"

"मैंच, अब्बा."

"अकेला?"

"हौ."

त्यांनी पुन्हा एकदा हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठं सुरकुती लागते का बघत.

"सिलवट नै कहीं," ते म्हणाले. काठी घेतली आणि जिना उतरून गेले.

थोड्या वेळानं आप्पा क्यू घेऊन हळूच पुढं झाले. सलीमभाई आडवा आला.

"नक्को, आप्पा," तो म्हणाला. "आज टेबलाला कुनी हात लावू नका."