पहिला माल परत

जुन्या इंदुरात रघुवीरराव पुणतांबेकरांना भाजी विकायला कोणी खुशीने तयार नसे. देत सगळेच, पण तोंड वाकडं करून. हा माणूस भेंडीची टोकं मोडून बघायचा, टोमॅटो दाबायचा, आणि एवढं करून तोलून पिशवीत पडलेल्या भाजीतले दोन-चार नग पुन्हा टोपलीत टाकायचा. "पुणतांबेकरजी, सब्जी है, सोना नहीं है," म्हणत भाजीवाली कपाळाला हात लावायची. भानुमतीबाईंनी तर लग्नानंतर वर्षभरातच हात टेकले होते. "अहो, देवाने समोर येऊन वर दिला ना, तरी तुम्ही तो आधी उलटून-पालटून बघाल!"

ही खोड मिलमधली. रघुवीरराव कापडाच्या मिलमध्ये स्टोअर्स खात्यात होते. मागांना लागणारे धोटे, बॉबिन, पट्टे, तेल, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. तिथले मोठे साहेब मालोजीराव. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते म्हणे. आता फौज नाही, तर मालोजीराव व्यापाऱ्यांवरच चालून जात. त्यांनी खात्यात एक रिवाज पाडला होता. नवा व्यापारी जोडायचा असेल तर त्याचा पहिला माल परत करायचा. माल चांगला असला तरीही! काहीतरी खुसपट काढायचं आणि पाठवून द्यायचं. मग व्यापारी काय करतो ते बघायचं. भांडायला आला, तर त्याचं नाव कायमचं कट. निमूटपणे माल घेऊन दुसरा पाठवला, तर तो आपला माणूस. "चांगला माल तर चोरसुद्धा देतो, पुणतांबेकर," मालोजीराव मिशीवरून हात फिरवत सांगायचे, "परत घेताना माणूस कळतो."

रघुवीररावांनी हे इतकं मनावर घेतलं की मिल गेली तरी रिवाज काही गेला नाही.

मिल खरंच गेली. एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. आज उघडेल, उद्या उघडेल करत माणसं फाटकासमोर बसून राहिली, आणि मग एकेक जण उठून कोणी रिक्षा चालवायला, कोणी भजी तळायला निघून गेला. तिकडे देशात बाहेरच्या कंपन्या येत होत्या, टीव्हीवर रोज नवा साबण, नवी गाडी. इकडे मिलवाल्यांच्या घरात जुना साबणसुद्धा पुरवून वापरायची पाळी. रघुवीरराव त्यातल्या त्यात नशिबाचे. सियागंजात एका किराणा व्यापाऱ्याने त्यांना मालाची आवक-जावक बघायला ठेवून घेतलं.

त्याच वर्षी त्यांनी लेकीचं, यामिनीचं लग्न उरकलं. उरकलं हाच शब्द बरोबर आहे. एका नातेवाइकाने देवासचं स्थळ आणलं, मुलगा कारखान्यात पर्मनंट आहे म्हणून सांगितलं, आणि बस्स. पुढे कळलं की कारखाना होता, पण त्यात हा मुलगा नव्हता. दिवसभर घरात, आणि संध्याकाळी पिऊन हात उगारायचा. यामिनीने दोन दिवाळ्या काढल्या आणि एका दुपारी पिशवी घेऊन परत आली. रघुवीररावांनी तिला एका शब्दाने काही विचारलं नाही. दार उघडलं, पिशवी घेतली, पाणी दिलं.

पण पोरगी आली ती बसलीच. स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपापाशी, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली तर ओ द्यायची, ताट दिलं तर जेवायची. रडायची नाही, हीच भीती. वर्षं गेली अशी. शेवटी भानुमतीबाईंनी हट्टाने तिला टायपिंगच्या क्लासला घातलं. तिथे कॉम्प्युटर आले, हिने त्यावर बोटं फिरवली, आणि काय जादू झाली कोण जाणे, पोरगी हळूहळू माणसांत आली. म्हणजे घरातल्या माणसांत. बाहेर चार लोकांत जाऊन नोकरी करायला मात्र साफ नकार. मग घरातच एक जुना कॉम्प्युटर घेतला. भंवरकुआंला जयेशजींचे कोचिंग क्लास होते. त्यांच्या हिंदी नोट्स टाइप करून, पानं लावून द्यायचं काम यामिनीला मिळालं. हस्तलिखित घरी यायचं, सीडी घरून जायची. पिंपापाशी आता फक्त पिंप असायचं.

आणि ऐन मे महिन्यात कॉम्प्युटरने मान टाकली.

"मदरबोर्ड गेला," यामिनी म्हणाली. रघुवीररावांना वाटलं, पट्टा तुटावा तसं काही असेल. तिने समजावलं की बाकी सगळे भाग ज्याच्यावर बसतात तीच ही पाटी, आणि आपलं मशीन जुनं, त्याला जुळणारी पाटी आता सहज मिळत नाही. बाजारातला एक जण "बिलकुल नया है" म्हणत दुरुस्त केलेला बोर्ड गळ्यात मारत होता. रघुवीररावांनी त्यावरचा डाग बरोबर हेरला. तिकडे जयेशजींची नवी बॅच जूनअखेर सुरू व्हायची होती. "यामिनीजी, तब तक नोट्स नहीं मिले तो काम दूसरे को देना पड़ेगा, बुरा मत मानना," त्यांनी फोनवर सरळ सांगून टाकलं. यामिनी हो म्हणाली आणि फोन ठेवून बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. रघुवीरराव ते बघत होते. काम गेलं तर ही पुन्हा त्या कोपऱ्यात जाईल, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

तेव्हा इंटरनेटवर दुकानं नुकतीच मांडली जात होती. बापलेक गल्लीच्या तोंडावरच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. यामिनीची बघायची रीत वेगळी. दुकानाचा खरा पत्ता दिलाय का, फोन कोणी उचलतो का, वॉरंटी दुकानाची की कंपनीची, आधी घेतलेल्यांनी काय लिहिलंय, हे सगळं ती शांतपणे वाचायची. एका साइटवर बोर्ड फारच स्वस्त होता, पण पत्त्याच्या जागी नुसता मोबाइल नंबर. "हे नको," ती म्हणाली. दुसरीकडे फोटो एका बोर्डाचा, नाव भलत्याचंच. "हेही नको." रघुवीररावांना पोरीचं कौतुक वाटलं. शेवटी पुण्याचं एक दुकान सापडलं. फोन हृषीकेश नावाच्या माणसाने उचलला. यामिनीने विचारलं ते सगळं त्याने नीट सांगितलं, आणि बोर्ड आहे म्हणाला.

मग रघुवीररावांनी रिसीव्हर घेतला आणि इंदुरी थाटात विचारलं. "हां तो क्या है कि, माल पसंत नाही आला तर परत घेणार ना, भिया?"

"घेऊ की, काका. आपण मराठीच ना?"

"मग मी काय बोलतोय?" रघुवीरराव चिडून म्हणाले.

पैशांचा बँक ड्राफ्ट गेला. पत्ता सियागंजच्या दुकानाचा दिला होता, कारण जुन्या इंदुरातल्या त्या गल्लीत कुरिअरवाले हमखास चुकत. पार्सल आलं ते रघुवीररावांच्या हातात. छान बांधलेलं, वर नाव टाइप केलेलं. त्यांनी ते उलटून-पालटून बघितलं. एक कोपरा जरासा दबलेला होता. आणि एवढ्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला म्हणा, की मनातली धास्ती म्हणा, त्यांनी वर "माल पसंत नाही" असा शेरा लिहिला आणि त्याच कुरिअरवाल्याच्या हाती पार्सल परत पुण्याला रवाना केलं! त्यांना वाटलं, पोरीसाठी आपण पक्कं काम केलं. दुकान खरं असेल तर दुसरा बोर्ड पाठवेल, आणि मग आयुष्यभराची काळजी नको. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी वरणात मूठभर शेव टाकून घेतली आणि चवीने जेवले. यामिनीला बोलले नाहीत. दुसरं पार्सल आल्यावरच सांगू म्हणाले मनात.

आता मिलमध्ये हा रिवाज चालायचा, कारण गोदामात जुना माल नेहमी पडलेला असायचा. एक खेप परत गेली म्हणून एकही माग थांबत नसे. घरात कुठलं आलंय गोदाम? पण हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी सगळे घरात असताना पुण्याहून फोन आला. रघुवीररावांनीच घेतला.

"काका, हृषीकेश बोलतोय. तुम्ही खोकं न उघडताच परत पाठवलंत. पण पसंत नाही म्हणताय, तर घेतलं आम्ही परत. पैसे कालच पाठवले."

रघुवीररावांचा चेहरा असा खुलला की काय सांगावं. "शाबास! पास झालात भिया तुम्ही! आता दुसरा पाठवा."

"दुसरा कुठला, काका? तो बोर्ड कंपनीने बंद केलाय. आमच्याकडे तो शेवटचाच होता. तुमचा परत आला आणि लगेच नागपूरच्या एकांनी नेला."

"म्हणजे... अजिबात नाही?"

"नाही हो. मला वाटलं, तुम्हाला नकोच होता."

रिसीव्हर ठेवून ते वळले तर यामिनी मागेच उभी. ऐकायचं ते तिने ऐकलं होतं. रघुवीरराव मालोजीरावांचं नाव घेऊन काहीतरी सांगायला लागले, रिवाज, परीक्षा, तुझ्याच भल्यासाठी वगैरे, आणि सांगता सांगता आपलंच बोलणं त्यांना पोकळ वाटायला लागलं.

यामिनीने आवाज चढवला नाही. "भेंडी तपासता. खोक्याचा कोपरा तपासता. देवासला एकदा तरी जाऊन आला होतात का, बाबा?"

"यामू!" भानुमतीबाई ओरडल्या.

ती आत गेली आणि पिंपापाशी बसली. भिंतीकडे तोंड करून.

त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. रघुवीरराव ओसरीवर बसून होते. त्यांना मालोजीरावांचा राग आला, पुण्याच्या त्या सज्जन पोराचासुद्धा आला, आणि सरतेशेवटी सगळा राग स्वतःवर येऊन थांबला. सोमवारी सियागंजला न जाता ते थेट भंवरकुआंला गेले. जयेशजींसमोर उभे राहून म्हणाले, "गलती बिटिया की नहीं है. मेरी है. अच्छा माल आया था, मैंने लौटा दिया."

"अच्छा माल लौटा दिया? गजब हो, अंकल!" जयेशजी खुर्चीतच हसायला लागले. मग म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. जरा विचार करून म्हणाले की थांबणं तर शक्य नाही, पण इथला ऑपरेटर सोडून गेलाय, मशीन रिकामं पडलंय. यामिनीजी इथे येऊन बसत असतील तर काम त्यांचंच. "काम उनका साफ है. पर आना यहीं पड़ेगा."

रघुवीररावांनी घरी येऊन पिंपाजवळच्या पाठीला हे सगळं सांगितलं. पाठ हलली नाही. तेही आत जाऊन पडले. झोप कसली येते!

सकाळी उठून बघतात तर यामिनी इस्त्री केलेली साडी नेसून वेणी घालत होती. भानुमतीबाई डबा भरताना मुकाट्याने डोळे पुसत होत्या. रघुवीररावांनी घाईने चपला घातल्या आणि लेकीच्या मागोमाग निघाले.

स्टॉपवर गर्दी होती. नगरसेवेची मिनीबस येईना. यामिनी लोकांकडे न बघता पदर घट्ट धरून उभी होती.

"यामू, माझं चुकलं."

"झालं ना आता, बाबा. मशीन आहे तिथे."

"बोर्डाचं नाही म्हणत मी."

तिने मान वळवली. रघुवीरराव रस्त्याकडे बघत बोलत होते. "देवास काय लांब आहे? सकाळी गेलो असतो तर जेवायला घरी आलो असतो. मी गेलो नाही. मला भीती वाटत होती, गेलो आणि खोट दिसली तर? मग नाही म्हणावं लागलं असतं. आणि मिलला कुलूप लागलेल्या माणसाच्या पोरीला दुसरं कोण विचारणार होतं? म्हणून मी बघायलाच गेलो नाही. मुद्दाम नाही गेलो."

यामिनीने घट्ट धरलेला पदर सोडला. मग म्हणाली, "तुम्हाला एवढं सगळं दिसतं, मग तेवढंच कसं दिसलं नाही, हाच विचार करत बसायचे मी. इतकी वर्षं." ती जरा जवळ सरकली. "बरं झालं सांगितलंत."

रघुवीररावांना भर रस्त्यात रडू फुटलं. शेजारच्या माणसाने चमकून बघितलं. यामिनीने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, पदराने बापाचा चेहरा पुसला.

तेवढ्यात मिनीबस आली. कंडक्टर "भंवरकुआं, भंवरकुआं" ओरडत दारात लटकत होता. यामिनी चढली. तिच्यामागे रघुवीररावांनीही पायरीवर पाय ठेवला, ते लोक कसे आहेत, बसायची जागा कुठे आहे, एकदा बघून तर घ्यावं.

"बाबा, तुम्ही नका येऊ," ती आतून म्हणाली. "कसे आहेत ते मी बघते."

रघुवीररावांनी पाय खाली घेतला.