चौकशीत आई सापडली नाही

माझी आई त्या उन्हाळ्यात सरकारच्या दृष्टीने बेपत्ता झाली आणि झाली त्या वेळी ती स्वतःच्या ओसरीवर बसून ज्वारी निवडत होती.

हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. बीडमध्ये एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून माझी हयात गेली. कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसे, एवढ्या प्रश्नांची उत्तरे हाती आल्याशिवाय मी कधी बातमी लिहिली नाही. या सवयीचा मला अभिमान होता. (होता.)

प्रकरण पासपोर्टचे. माझी धाकटी बहीण सुनंदा मस्कतला असते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचे नाही असे बजावले. सासू हयात नाही, नवरा कंपनीच्या पाळ्यांमध्ये अडकलेला. तिने फोनवर एकच वाक्य सांगितले, "आई आली तर मी निभावून नेते." तशी अडचण काहीच नव्हती. आईकडे पासपोर्ट होता. सुनंदा पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हाच तो हौसेने काढून ठेवला होता.

मेहुण्याने व्हिसासाठी पासपोर्टचा फोटो मागितला, म्हणून मी गावी गेलो. आमचे गाव पाटोदा आणि शिरूर कासार यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात आहे. आईने लोखंडी पेटीतून पासपोर्ट काढून दिला. आतून तो कोराकरकरीत होता, बाहेरून हळदीकुंकवाने माखलेला. दर खंडेनवमीला विळा, खुरपे आणि कुऱ्हाड यांच्या रांगेत आई तोही मांडत होती. वर्षातून एकदा पूजा होत होती, नैवेद्य मिळत होता. उघडून आतली तारीख वाचावी असे मात्र घरात कोणाला वाटले नव्हते. त्याची मुदत संपून कित्येक खंडेनवम्या उलटल्या होत्या.

आईला हे समजावून सांगितले तर ती माझ्यावरच उखडली.

"वापरलाच न्हाई, तर संपला कसा?"

मी म्हणालो, पासपोर्टला मुदत असते, ती संपायच्या आधी नवा करून घ्यावा लागतो.

"रेशन कार्ड तुझ्या आज्याच्या नावचं हाय. आज्या जाऊन किती वरसं झाली? कार्ड चालतंय ना? अन् मी हितं जिती बसलीय, तर माझं पुस्तक मेलं?"

मी तिचे आधार कार्ड मागून घेतले.

बीडच्या केंद्रावर नवा अर्ज केला. जुन्या फोटोत पदर चालला होता; आता दोन्ही कान दिसले पाहिजेत, म्हणून आईला डोक्यावरचा पदर खाली घ्यायला लावला. लग्न होऊन गावात आल्यापासून तिचे कान परक्या माणसाने पाहिलेले नव्हते. त्या फोटोत ती कोणावर तरी खटला भरायला निघालेल्या बाईसारखी दिसते. आता गावी चौकशी होईल, असे तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितले. मी आईला तेच सोपे करून सांगितले : पासपोर्टच्या चौकशीला एक माणूस येईल, घर सोडू नकोस. आईने भाच्याचे लग्नही बुडवले आणि रोज ओसरीवर ठाण मांडून बसली.

पुढे माझ्या मोबाईलवर संदेश आला. पोलीस अहवाल प्रतिकूल. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

माझा केवढा संताप झाला हे लिहायला छापील भाषा पुरत नाही. तरीही मी शिस्त सोडली नाही. आधी आईला फोन लावला आणि पासपोर्टच्या चौकशीला कोणी आले होते का, असे विचारले. ती म्हणाली, "चिमणी फिरकली न्हाई." मग बाबूकाकांना विचारले. बाबूकाका म्हणजे माझे सख्खे चुलते, गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन; सकाळ-संध्याकाळ डेअरीवर बसलेले असतात आणि गावात शिरणारा माणूस त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तेही म्हणाले, "कुणी आलं न्हाई. आलं असतं तर मी सोता घरी नेलं असतं."

दोन स्वतंत्र सूत्रांनी दुजोरा दिला होता. पोलिसाने टेबलावर बसूनच अहवाल खरडला, हे उघड झाले. मी बातमी लिहिली. दोन कॉलम, चौकटीत : "वृद्धा पोलिसांच्या लेखी बेपत्ता, प्रत्यक्षात घरीच!" उद्गारचिन्ह मी एरवी वापरत नाही. गर्भवती मुलीकडे निघालेल्या मातेची यंत्रणेने कशी क्रूर चेष्टा केली, हे मी अशा शब्दांत मांडले की छापून आल्यावर माझे मलाच भरून आले. जिल्ह्यात खळबळ उडाली. वरून चौकशी सुरू झाली.

बातमीनंतर एक हवालदार आमच्या कार्यालयात आला. साधा, उन्हाने रापलेला माणूस. त्याने पाणी मागितले, प्यायला आणि म्हणाला, "पत्रकारसाहेब, तुमच्या गावाला मी गेलतो. आता मी कुठं कुठं गेलतो ते ऐका, मंग काय छापायचं ते छापा."

इथे गावाकडची परिस्थिती सांगणे भाग आहे. दोन पावसाळे कोरडे गेले होते. बाबूकाकांच्या सोसायटीने गुरांसाठी चारा-छावणी काढली होती. तलावाच्या मधोमध उरलेले पाणी पिण्यासाठी राखीव झाले होते आणि शेतीला पाणी उपसणाऱ्या मोटरी काढून घ्या असा हुकूम निघाला होता. काढल्या नाहीत तर पोलीस बंदोबस्तात जप्त होत होत्या. त्यावर गावाने डेअरीसमोर बैठक घेतली. बाबूकाका अध्यक्ष. ठराव तोंडी झाला : बाहेरचा माणूस हातात कागद घेऊन कोणाचेही नाव विचारू लागला, तर त्या नावाचे माणूस या गावात नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. (दुधाचा मोडका काटा दुरुस्त करायचा की नाही, यावर याच सभासदांनी दोन पॅनल उभी केली होती.)

हवालदार पहिल्यांदा अर्थातच डेअरीवर गेला. कलावतीबाई, म्हणजे माझी आई, कुठे राहतात, असे त्याने विचारले. बाबूकाकांनी जराही न अडखळता सांगितले की या नावाची बाई गावात नाही. पासपोर्टचे काम आहे, असे हवालदाराने सांगून पाहिले. काका म्हणाले, "असंच सांगून तुमी मोटरी नेत्यात."

"मंग गेली कुठं म्हणलं," हवालदार मला सांगत होता. "एक जण म्हणला, उसाला गेली, कर्नाटकात. दुसरा म्हणला, न्हाई, लेकाकडं बीडला गेली. लेक लई मोठा पेपरवाला हाय, त्यो सांभाळतो तिला."

"मग?"

"तिसरा म्हणला, कसला सांभाळतो."

कार्यालयात कोणीतरी हसले. मी तिकडे पाहिले नाही.

"तरी मी घरी गेलो," तो पुढे म्हणाला. "ओसरीवर एक बाई ज्वारी निवडीत व्हती. कलावतीबाई कुठायत म्हणलं. म्हणली, न्हाईत. तुमी कोण म्हणलं. म्हणली, मी पाव्हणी. च्या केला. चांगली बाई हो. म्हणली, कलावतीचं काय खरं न्हाई बाबा, तिची वाट बघून तुमी उन्हाचे थांबू नका."

मी मोबाईलवर आईचा फोटो काढून त्याच्यापुढे धरला, लाल लुगडे आणि कपाळापर्यंत पदर.

"हीच पाव्हणी," तो म्हणाला.

अर्जावर तिचा फोटो होता की, असे मी जमेल तेवढ्या कठोर आवाजात विचारले.

"व्हता. त्यात कान व्हते. कानावरून कोण वळखतंय, साहेब?"

त्याने निवेदन टेबलावर ठेवले. सदर बाई येथे राहत नाही, खाली दोन साक्षीदार, आणि पहिली सही माझ्या दुसऱ्या स्वतंत्र सूत्राची.

मी त्याच दिवशी एस.टी. पकडून गावी गेलो. बसायच्या आधीच विचारले की पोलीस आला होता हे मला का सांगितले नाहीस.

"तू पासपोर्टचा माणूस इचारला," आई म्हणाली. "पासपोर्टचा म्हंजे परदेशाचा. त्यो कसा सुटाबुटात येईल. ह्यो तर पोलीस व्हता. ह्यो कशापायी आला ते मला काय ठाऊक न्हाई व्हय?" मग तिचा मूळ मुद्दा आला. "अन् ते ऱ्हाऊ दे. वृद्धा कुणाला म्हणला तू?"

तिचे खोटे बोलणे उगाच नव्हते. वडील गेल्यापासून तलावातून पाणी उचलायचा जुना परवाना आईच्या नावावर होता. मोटरही तिचीच. त्या एका मोटरीच्या पाण्यावर पाच घरांचे कडवळ उभे होते, त्या हिरव्या चाऱ्यावर पाच घरांच्या म्हशी जगत होत्या आणि त्यांच्या दुधावर बाबूकाकांची सोसायटी. आई गावात नसणे, ही सहकाराची गरज होती!

फेरचौकशी लागली. सुनंदाचे दिवस भरत आले होते. आता कागद अडला असता तर आई वेळेवर पोचणे शक्य नव्हते. मी घरोघर जाऊन हात जोडले. यावेळी खरे बोला, एवढीच विनंती होती. गाव लगेच तयार झाले. ज्या उत्साहाने त्यांनी आईला गावातून काढले होते, त्याच उत्साहाने ते तिला परत आणायला निघाले.

तोच हवालदार आला. अंगणात माणूस मावेना. एक जण म्हणाला, कलावतीबाई म्हणजे गावचे भूषण. बाबूकाका म्हणाले, "जन्मापासून हितंच हायत." (आई पाथर्डीकडची. काका स्वतः तिच्या वरातीत नाचले होते.) आईने आधार कार्ड दाखवले आणि स्वतःहून पदर मागे सारून दोन्ही कानही दाखवले. हवालदाराने ते अर्जावरच्या फोटोशी ताडून पाहिले.

"म्हंजे ह्याच कलावतीबाई," हवालदार म्हणाला.

सगळ्यांनी होकार दिला.

"पक्कं?"

"पक्कं," काका म्हणाले.

हवालदाराने खिशातून दुसरा कागद काढला. "मंग तलावावरची मोटर बी ह्यांचीच. मालक सापडत न्हाई म्हणून थांबलो व्हतो."

काकांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "तसं बघितलं तर," ते सावकाश म्हणाले, "ह्या त्या कलावती नसतीलबी."

"चेअरमन, एकदाचं ठरवा. बाई हाय का न्हाई?"

मी बोलायला तोंड उघडले. जप्तीच्या कायदेशीर बाजूवर माझ्याकडे दोन चांगले मुद्दे होते. आईने हाताने मला गप्प केले.

"मी हाय," ती म्हणाली. "मोटर बी माझी हाय. घिऊन जावा."

"वयनी, पाच घरची जनावरं हायत," काका म्हणाले. "खातील काय?"

"छावणीत न्या. सोसायटीनंच काढलीय ना छावणी? चारा लई बेस हाय म्हणून भाषण कुणी केलतं, भावजी?"

काका जमिनीकडे बघू लागले. त्यांची स्वतःची जनावरे छावणीत नव्हती, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होते.

"लेक तिथं एकटी पडून हाय," आई म्हणाली. "तिला आई लागती. मोटर घिऊन काय करती ती?"

एवढे बोलून ती चहा करायला आत गेली. दुपारी मोटर वर काढली, तेव्हा ओढणाऱ्यांतले निम्मे हात आमच्याच गावचे होते. बाबूकाकांच्या म्हशी छावणीत दाखल झाल्या आणि थोड्याच दिवसांत छावणीतला चारा कमालीचा सुधारला. ही बातमी मी अनेकदा लिहायला घेतली, पण त्या काळात कार्यालयात माझा शब्द फारसा चालत नव्हता.

कारण आमच्या दैनिकाला खुलासा छापावा लागला होता. तो संपादकांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. "सदर महिला घरीच होती, तथापि आपण घरी नसल्याचे तिने स्वतः पोलिसांना सांगितले होते. 'वृद्धा' या उल्लेखाबद्दल दिलगिरी व्यक्त करीत आहोत." शेवटचे वाक्य आईच्या आग्रहाखातर. बाबूकाकांनी हा खुलासा डेअरीवर सकाळच्या आणि संध्याकाळच्या अशा दोन्ही पाळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. माझे एवढे जाहीर वाचन गावात त्याआधी कधी झाले नव्हते.

पासपोर्ट आला, व्हिसा आला, आई मस्कतला पोचली आणि सुनंदाला मुलगी झाली तेव्हा तिच्या उशाशी बसलेली होती. दोघी सुखरूप असल्याचे तिने फोन करून कळवले. नात कोणावर गेली आहे, नाक कोणाचे आहे, हे सगळे सांगून झाल्यावर तिने आवाज खाली घेतला.

"अरे, हितं पाऊसच न्हाई. सगळं गाव समिंद्रातलं पाणी उपसून, गोडं करून पितंय. एवढाल्या मोटरी लावल्यात म्हणं. अन् पोलीस कुणाला काय म्हणत न्हाई. आता हे छाप की!"

आईने आयुष्यात मला दिलेली ही एकच बातमी शब्दशः खरी होती. मी ती छापली नाही. एकदा पोळल्यामुळे प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे मी ठरवले होते आणि घरात सगळ्यांना पासपोर्टचे नियम शिकवणाऱ्या माझ्याकडे पासपोर्टच नव्हता.