आरशातले आबा

आबांचा चेहरा मला आठवतो तो आरशातला. ट्रकच्या उजव्या बाजूच्या लांबट आरशात, मागच्या चाकाजवळ, पांढरी टोपी आणि खांद्यावर चौकड्यांचा टॉवेल. तोही अर्धाच. उरलेले अर्धे आबा गाडीच्या मागे असायचे. ड्रायव्हिंग स्कूलचे बाकीचे शिक्षक शिकणाऱ्याच्या शेजारी बसून शिकवत. आबा मात्र पाटाच्या भरावावर जाणाऱ्या चढावर मध्येच गाडी थांबवायला लावायचे, हँडब्रेक ओढून घ्यायचे, खाली उतरायचे आणि चालत जाऊन मागे उभे राहायचे. मग ओरडायचे, "मी मांगे शे! चाल, उचल!"

ज्यांनी जड गाडी कधी हाती धरली नाही त्यांना सांगतो. चढावर ब्रेकवरचा पाय काढल्यापासून क्लच गाडी पकडेपर्यंत एक क्षण असा येतो, की ती गाडी कुणाचीच नसते. त्या क्षणात ती हातभर मागे आली तर मागे जे असेल ते चाकाखाली जातं. आमच्या मागे आबा असायचे. वय सत्तरीच्या पुढे, एका गुडघ्यात दुखणं. उडी मारतील म्हणावं तर बसून उठतानाही त्यांना दाराचा आधार लागायचा.

आता मी या फंदात का पडलो? आम्ही फैजपूरकडचे, घरी केळी. भावाने आणि मी मिळून ट्रक घेतला, नवा, क्लच नसलेला, आपले गिअर आपणच बदलणारा. ड्रायव्हर महिनाभर टिकला आणि जास्त पगारावर गेला. भाऊ म्हणाला, "दादा, तू शीक. तुला घरी तसं काम काय?" मला कार येत होती. म्हणजे पुढे जाता येत होतं. मागे घ्यायची झाली तर ही खाली उतरून "या, या, या" म्हणायची, आणि तरीही तुळशीची कुंडी आम्ही तीनदा नवी घेतली. अशा माणसाच्या पायाखाली आबांचा जीव.

पहिल्या दिवशी मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "आबा, निदान चाकाला दगड तरी लावा."

"दगड लाया का पाय शिकत नही," आबा मागून म्हणाले. "भेव वाटस ना?"

"फार वाटतं."

"मंग ठीक शे. ज्याले भेव वाटत नही, त्याना संगे मी गाडीमा बठत नही."

माझा डावा पाय शिलाई मशीनसारखा उडत होता. घाम डोळ्यांत जाऊन आरसा धूसर झाला, तेव्हा तर मी चक्क रामरक्षा म्हणायला लागलो, आणि तीही मधूनच. गाडी गचकली, थरथरली, आणि एकदाची पुढे गेली. वर पोचल्यावर मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. आबा टॉवेलने तोंड पुसत वर आले आणि म्हणाले, "आते खाली घे. परत."

आबा मूळचे दोंडाईच्याचे. मुंबई-आग्रा रस्त्यावर जन्म काढलेला. ट्रकवाल्यांत त्यांचं नाव 'भितरा' होतं. घाटात हे पुढे असले की मागचे शिव्या घालायचे. ढाब्यावर थट्टा व्हायची, "भितऱ्या, बैलगाडी घे!" आबा हसून जेवायचे. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, जरा मिरवल्यासारखंच.

एकदा न राहवून मी विचारलं, "आबा, तुम्ही एवढे भित्रे, मग मागे उभे कशाला राहता?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "तुले एकलाले भेव वाटी म्हनीसन," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

परीक्षा जवळ आली तसं मी ठरवलं की ती आपल्या नव्या ट्रकवर द्यायची. हे मी आबांना सांगितलं नाही, ट्रकच त्यांच्यापुढे नेऊन उभा केला. आबा वर चढून बसले. त्यांचा डावा पाय खाली काहीतरी शोधत राहिला.

"ह्या पायले काहीच काम नही?"

"नाही आबा. चढावर गाडी स्वतःच धरून ठेवते. विकणाऱ्याने दाखवलं, मागे येतच नाही."

आबा बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. "चांगली शे. पण ही गाडी माणूसले भेव वाटू देत नही, भाऊ." मग खाली उतरता उतरता म्हणाले, "तुनी मर्जी. बठ्ठा लोके आते ह्याच लेतस." सगळे आता अशाच गाड्या घेतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी मी नवा ट्रक घेऊन मैदानावर गेलो. शेजारी परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब बसले. आबा सोबत आले होते, साहेबांनी त्यांना सांगितलं, "बाबा, तुम्ही आत थांबू नका." वळणं झाली, आठचा आकडा झाला. मग चढ. साहेब म्हणाले, "थांबवा." मी थांबवली. साहेब म्हणाले, "चला."

मी आरशात पाहिलं. आरसा रिकामा होता.

इतके दिवस अर्धे आबा दिसायचे, म्हणजे ते कुठे आहेत ते कळायचं. आता दिसत नव्हते. याचा अर्थ ते बाहेर गेले असतील. किंवा ते पूर्णच मागे असतील, जिथे आरसा पोचत नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून ऐकणारा तो माणूस नव्हता. गाडी मागे येत नाही हे मला ठाऊक होतं, पण पायाला ते पटेना.

"अहो, चला ना!"

मी हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, दार उघडलं आणि सरळ खाली उतरून मागे गेलो.

मागे कुणी नव्हतं. आबा लांब कुंपणाबाहेर, गाडीकडे पाठ करून उभे होते. टॉवेल तोंडावर घट्ट धरलेला.

"परीक्षा चालू असताना खाली का उतरलात?" साहेबांनी विचारलं.

"मागे आबा आहेत का ते बघायला."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "ऑटोमॅटिक गाडीवर चढाला नापास झालेले तुम्ही पहिलेच!"

मी मान खाली घालून बाहेर आलो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात गार होता.

"साहेबनी नापास करं," ते म्हणाले. "मी नही."

पुढच्या खेपेला मी ड्रायव्हिंग स्कूलची जुनी क्लचवाली लॉरी घेतली आणि पास झालो. तेव्हाही आरसा रिकामाच होता, पण निघण्याआधी मी आबांना कुंपणाबाहेर चहाच्या टपरीवर बसवून, हातात ग्लास देऊन आलो होतो.

मागल्या हिवाळ्यात आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. दोंडाईच्याला भेटायला गेलो तेव्हा आबांच्या पत्नी, अक्कांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्हीच का ते फैजपूरवाला? तुम्ही शिकेत तवय त्यास्ले जेवनच जाये नही."

आता केळी भरली की कधी कधी मीच गाडी घेऊन निघतो. परवा धुळ्याच्या पुढे, लळिंगच्या घाटात, चढावरच रस्ता तुंबला. आरशात एक मोटारसायकल अर्धीच दिसत होती. नवरा, मागे बायको, मध्ये झोपलेलं पोर. पुढची गाडी हलली. माझा ट्रक आपणहून धरून उभा होता, त्याला माझी गरज नव्हती. तरी माझा डावा पाय रिकाम्या जागेवर दाबला गेला. तिथे पेडल नाही, कधी नव्हतंच. तो पाय मी हळूहळू, फार हळूहळू सोडला, आणि मगच गाडी उचलली.