बांधीतला करंट

“पाण्यात करंट आहे! निघा बाहेर!” मी ओरडले, हातातली धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची जुडी सोडली आणि चिखलातच बसले. रोवणीला वाकलेल्या आठही बाया शेताच्या कडेला धुऱ्यावर पळाल्या. मी त्यांच्याकडे नजर वळवली तर पुन्हा झटका. डोक्याच्या आत, कानामागून थेट जिभेपर्यंत. मला उठता येईना, आणि करंटच्या भीतीनं मला ओढायला कोणी पाण्यानं भरलेल्या बांधीत उतरेना.

माझ्या मुलानं धावत जाऊन पाण्याची मोटर बंद केली. मग पाण्यात उतरून पाय आपटून पाहिले.

“माय, काहीच नाही इथं.”

मोटर बंद होती, तरी मला आणखी दोन झटके बसले.

“बुढीच्या अंगात येऊन राहिलं वाटते,” धुऱ्यावरून एक म्हणाली.

“अंगात कायचं? डोक्यात आलं,” दुसरी हसली. ही तीस वर्षं माझ्या शेजारी रोवते.

मी रडले. नवरा गेला तेव्हाही मी लोकांसमोर रडले नव्हते. पण त्याच्यामागे माझं खाणं सुटलं, बोलणं सुटलं. तेव्हा सुनेनं मला भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. रोज एक गोळी मिळाली. वर्षभर घेतली. भूक लागायला लागली, सुनेशी भांडायलाही लागले. आमच्याकडे ताप उतरला की गोळी बंद. उरलेल्या डब्यात, पुढच्या तापाला. मी तेच केलं. रोवणी तोंडावर आली होती. हाताला काम आहे, आता गोळी कशाला? कोणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

तिसऱ्या दिवसापासून मळमळायला लागलं. भलभलती स्वप्नं पडायची. भाजीत मीठ बरोबर होतं तरी मी सुनेसमोर ताट आपटलं. पाचव्या दिवशी हे बांधीतलं.

घरी आणून मला खाटेवर टाकलं. मान वळवली की घर फिरायचं. मला एकच भीती होती, मी वेडी झाले. जुनं दुःख परत आलं असतं तर मी ते ओळखलं असतं. हे ओळखीचं नव्हतं. वेडी ठरले तर पुन्हा मला रोवणीत कोण उभं करणार?

मुलगा म्हणाला, “अंगारा घेऊन येतो.”

सून म्हणाली, “थांबा. आई, गोळी खाता ना रोज?”

“खाते.”

“गोळ्यांचा पत्ता दाखवा.”

मी भिंतीकडे तोंड केलं. तिनंच हळदीच्या डब्यामागून पत्ता काढला. अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “आजी, हे वेड नाही. गोळी एकदम सोडली, त्याचे झटके आहेत हे. गोळी सोडता येते, पण हळूहळू, मी सांगेन तशी.”

“मग हे आधी नाही का सांगायचं?”

“सांगितलं होतं त्यांनी,” सून म्हणाली. “तुम्ही मान हलवली होती.”

गोळी परत सुरू झाली. तीन-चार दिवसांत झटके विरळ झाले, मग थांबले. उरलेली रोवणी मी धुऱ्यावर बसून पाहिली. ती हसणारी चहा घेऊन आली.

“काकी, आज करंट किती आहे?”

“तुले देऊ का थोडा?”

ती खाली बसली. हळूच म्हणाली, “मले वाटलं, तू गेलीच.” मी चहा प्यायले.

पुढे गोळी कमी करायला कितीतरी महिने लागले. पुढच्या रोवणीला मी अर्ध्या गोळीवर होते आणि ओळीत माझ्या जागी होते. मागच्या गोष्टीवर बाया अजून हसतात. हसू द्या. त्या दिवशी बांधीत आम्ही नऊ जणी होतो. पाण्यात करंट नव्हता. झटके मला बसले, आणि ते खरे होते.