हरण्याच्या कातड्याचा पट्टा

भूतखेत, करणी, देवऋषी... असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. जन्म मोटारींत गेला. गाडी बंद पडली तर त्याला कारण असतं आणि बॉनेट उघडलं की ते सापडतं, एवढीच माझी अक्कल. या पानावरचे अनुभवही मी हसत हसत वाचतो, राग मानू नका. पण एक गोष्ट माझ्याच बॉनेटखाली घडली.

निजामाचं राज्य होतं, दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. ताडकळसजवळच्या आमच्या खेड्यात मी मालकांची जुनी मोटर चालवायचो. आजच्या गाड्यांत पंखा विजेवर फिरतो. तेव्हा तो इंजिनावरून पट्ट्यानं फिरायचा. पट्टा तुटला की पंखा थांबला, पंखा थांबला की रेडिएटरचं पाणी उकळलं. आमचा पट्टा तुटला तेव्हा रबरी पट्टा हैदराबादेतसुद्धा मिळेना. शेवटी घरच्या विहिरीवरच्या जुन्या मोटेचं कातडं कापून मी पट्टा केला.

ते कातडं हरण्याचं. माझ्या बायकोच्या, सुंदराच्या माहेराहून वासरू म्हणून आलेला हा बैल. तिच्या माहेरी पुढं कुणी उरलंच नाही, हरण्या तेवढा होता. म्हातारा होऊन तो मेला तेव्हा तिच्या घशाखाली घास उतरेना. आता ती पहिलटकरीण होती. पहिल्या बाळंतपणाला माहेराहून न्यायला माणूस येतो, मुराळी... तिला कोण येणार?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. ती झाली, आणि दुसऱ्या दिवशी मालकांना घेऊन निघालो तर वेशीबाहेरच गाडी उकळली. पाणी बघितलं, भरलेलं. नळी चेपून बघितली, गळत नव्हती. पंखा तर फिरताना दिसत होता. मग इंजिन बंद करून पात्याला बोटानं ढकललं. पट्टा जागचा हलला नाही आणि पातं सुळकन फिरलं. पट्ट्याला हात लावला, तर हात पिवळा आणि तुपकट; पट्टा घसरत होता.

घरी येऊन सुंदराला म्हटलं, "बाई, मोटरीला खांदा असतो व्हय?"

"मोटरीला कोण चोळलंय? हरण्याला चोळलं," ती म्हणाली. "समद्या बैलांना आवतण देलं, त्यालाच कसं नगं?"

मला हसूच आलं. पट्टा आणि पंख्याची पुली राखेनं घासून कोरडी केली, पट्टा ताणून बसवला.

थोड्याच दिवसांनी सकाळी तिच्या पोटात दुखू लागलं. दुपार झाली तरी सुटका होईना. सुईण बाहेर आली. "मूल आडवं हाय. परभणीला न्या, न्हाईतर दोघंबी जातील." मी मागायच्या आतच मालकांनी चावी पुढं केली.

मागं माझी आई आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून सुंदरा. रस्ता सगळा काळ्या मातीचा चिखल, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी ओढायची. पंख्याची खरी गरज अशाच वेळी. निम्म्या वाटेवर बॉनेटखाली फाटकन आवाज झाला. उतरून बघितलं तर पट्टा तुटून मागं चिखलात पडलेला, जोडण्याजोगा राहिला नव्हता.

"थांबलास का रं?" आईनं विचारलं.

"पट्टा गेला. उकळंल आता."

सुंदरा डोळे मिटूनच बोलली, "चला तुमी. वढायलाय त्यो."

"कोण?"

"हरण्या... हळू हाणा. लय दमलाय."

ग्लानीत बोलतेय असं समजलो. उकळेपर्यंत न्यायची म्हणून गाडी काढली... ती उकळलीच नाही. पुढून पंखा घुमल्याचा आवाज येतच राहिला. दवाखान्यात सुंदराला आत नेलं आणि मी बॉनेट उघडलं. रेडिएटरवर हात ठेवता येत होता. इंजिन बंद होतं, पट्टा नव्हता, आणि पंखा फिरत होता. सावकाश, दमलेल्या जनावरासारखा. माझ्या देखत थांबला. पुलीवर ओली हळद होती — मी राखेनं घासलेल्या पुलीवर.

आतून दाई आली. "बच्ची सलामत है, भाई," एवढंच म्हणाली आणि खाली बघत राहिली. मला कळलं.

सकाळी सुंदराला त्याच सीटवर घेऊन निघालो. लेक माझ्या आईच्या पदरात. परभणीची वस्ती संपायच्या आत गाडी उकळली. पाणी ओतलं, पुन्हा उकळली. पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. शेवटी वाटेतल्या एका भल्या माणसानं बैलजोडी जुंपली आणि मोटर ओढत घरापर्यंत आणली. मी स्टिअरिंग धरून रडत होतो.

पुढं एका उस्ताद मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, पावसाळी हवा, पंख्याविनाही न उकळता आली असेल. मग परतताना का उकळली? बंद इंजिनाचा पंखा कशानं फिरला, हे तर मी विचारलंच नाही.

मोटर भंगारात गेली तेव्हा पुली मी मागून घेतली. पोळ्याच्या आदल्या दिवशी लेक तिला तूप-हळद चोळते आणि दरवर्षी मी तेच बोलतो, "एवढं वढत आणलं त्यानं, मग सुंदराला माघारी का न्हाई आणलं?"

यंदा लेक हळद चोळता चोळता म्हणाली, "बाबा, आईला न्यायला माहेराहून दुसरं कुणीच आलं नव्हतं ना? मुराळी माघारी कसा आणेल?"

एवढ्या वर्षांत मला काही हे सुचलं नव्हतं. खरं-खोटं मला अजून कळत नाही... पण त्या दिवसापासून हरण्याशी भांडणं मी सोडलंय.