उतरायची जागा

आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा वैमानिक कुठेही गेला तरी आधी जमीन बघायचा. फवारणीच्या हंगामापुरता तो सिल्वासाला आला होता. लग्नाच्या मांडवातही माझ्या कानाशी लागून म्हणायचा, "मास्तर, इथे नाही उतरता येणार. तारा आहेत." आमच्या शाळेचं मैदान त्याने पास केलं होतं, फक्त झेंड्याच्या खांबावर त्याचा राग होता. मला हा नाद अभद्र वाटायचा. चहा पिताना पडण्याच्या गोष्टी कशाला?

एका रविवारी खानवेलला जाताना त्याने भातकापणी बघायला माझी स्कूटर थांबवली आणि ऊन डोक्यावर आलं तरी हलेना. मी वैतागलो.

त्याच आठवड्यात स्कूटर बिघडली म्हणून मी त्याच शेतासमोर बसची वाट बघत उभा होतो. पलीकडच्या उसावर त्याचं हेलिकॉप्टर औषध फवारत होतं. अचानक इंजिनाचा आवाज बसला. खळ्यावर बायका भात झोडत होत्या आणि हेलिकॉप्टर त्यांच्याकडेच घसरत आलं. मग ते वळलं, बांध ओलांडला आणि रिकाम्या खाचरात धप्पकन टेकलं, पण सरळ उभं! अख्खा रस्ता ओरडत तिकडे धावला. तो हसत बाहेर आला.

शेताची मालकीण म्हातारी हातातल्या विळ्यासकट येऊन थडकली. "माझा भात उभा असता तर रं?"

"आजी," तो हात जोडून म्हणाला, "रविवारी तुम्ही शेवटचा भारा उचललात, तेव्हाच ही जागा हेरून ठेवली."